धावेवरचं गाऱ्हाणं

शिवलिंगला सास्तुरात लोक मुका म्हणायचे. खरा मुका नव्हता तो. पण चावडीवर अर्धा दिवस बसला तरी 'व्हय' आणि 'न्हाय' यांच्यापुढं त्याची गाडी जात नसे. लग्न लावताना स्वामींनी त्याचं नाव विचारलं, तर तेसुद्धा त्याच्या थोरल्या भावानं, मल्लिकार्जुननं, सांगितलं होतं. गावानं ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं पुरवून पुरवून सांगितली. गावाला दुसरा उद्योग काय असतो?

हाच माणूस मोटेवर उभा राहिला की त्याचं तोंड असं सुटायचं, की बांधावरून जाणारा थबकून ऐकत राहायचा.

आता बटन दाबलं की पाणी येतं, त्यामुळं मोट कशी चालायची ते सांगावं लागतं. विहिरीच्या काठापासून उताराची एक वाट असे, तिला धाव म्हणत. बैलजोडी धावेवरून खाली चालत गेली, की जाड नाड्याला बांधलेली कातड्याची मोट भरून वर येई आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, पडे. इथवर सोपं. मग बैलांनी उलट्या पावलांनी तो चढ चढून विहिरीकडं यायचं, तेव्हा कुठं मोट पुन्हा खाली जाणार. बैलाला मागचं दिसत नाही, आणि मागं तर विहीर. तो मागं सरायचा तो निव्वळ ओळखीच्या आवाजावर भरवसा ठेवून. म्हणून मोट हाकणारे गात असत. ज्याचा जसा गळा तसं.

शिवलिंग गात नसे. तो बैलांपाशी गाऱ्हाणी सांगत असे.

"बघ कवड्या," ठिपकेदार बैलाला तो म्हणायचा, "आज बेसनात मीठ न्हाय. सांगावं कुणाला? सांगितलं तर आमच्या बाईचं तोंड फुगतंय. चल, मागं चल. हौशा, तू काय बघतूस? तुला कडबा येळंवर मिळतूय, तुझं बरं हाय. चल मागं." बायकोचं झालं की भावाचं, भावाचं झालं की पावसाचं, आणि सगळं संपलं तर जिल्हा मुंबई राज्यात गेला तरी उमरग्याच्या रस्त्यातले खड्डे होते तिथंच राहिले त्याचं. मोट वर येई, खाली जाई आणि शिवलिंगचं गाऱ्हाणं काही संपत नसे.

इरम्मा लग्न होऊन आली त्या वर्षी न्याहारी घेऊन रानात गेली आणि तिनं स्वतःच्या कानांनी मिठाचं ऐकलं. भाकरी बाभळीखाली ठेवून ती तशीच रडत घरी परतली. सासू मिरच्या कांडत बसली होती. शांतम्माला हसू आवरेना.

"अगं, ज्येच्यावर जीव हाय त्येचंच गाऱ्हाणं करतंय त्ये. इतकी वर्सं माझं करीत व्हतं. आता तुझी पाळी."

मग इरम्माला त्याची गोडीच लागली. न्याहारी घेऊन गेली की ती आधी बाभळीमागं उभी राहून आजचं गाऱ्हाणं काय ते ऐकून घ्यायची. मीठ कमी म्हणाला की दुसऱ्या दिवशी चिमूटभर जास्त, आणि मग तो बैलांना सांगायचा, की बाईनं आज मिठाचं पोतंच ओतलं. घरात दोघं चार शब्द बोलत नसत. त्यांचा संसार बैलांमार्फत चालला होता आणि तो चांगला चालला होता, हे मी ठासून सांगते. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नव्हतं. ते गाऱ्हाणं कधी येतं का, म्हणून ती बाभळीमागं जीव मुठीत धरून ऐकायची. शिवलिंगनं ते बैलांपाशीसुद्धा कधी काढलं नाही.

श्रावणात त्याला ताप भरला. भर पावसात रानात गेला होता, घोंगडं न घेता. ताप उतरेना तेव्हा मल्लिकार्जुननं त्याचीच बैलजोडी गाडीला जुंपली आणि त्याला उमरग्याच्या दवाखान्यात न्यायला निघाला. गाडीत इरम्माच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. रस्ता सगळा चिखलाचा, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, दुसरा आवाज कसला नाही. मध्येच त्यानं डोळे उघडले.

"काय तरी बोल की," तो म्हणाला.

जन्मात कधी असं काही न मागितलेला माणूस. तिला वाटलं, तोंड उघडलं तर शब्दाऐवजी रडूच बाहेर पडेल आणि तो घाबरेल. ती नुसती त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. उमरग्याची वेस लागायच्या आधी तो गेला. मल्लिकार्जुननं गाडी तिथूनच वळवली.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात, आणि ज्याला स्वतःचं रान आहे त्याला त्याच्याच रानात. शिवलिंगची समाधी विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, धावेच्या शेजारी झाली.

त्या दिवसापासून इरम्माला भलतंच होऊ लागलं. लांबून घुंगरांचा आवाज आला, मग तो कुणाच्याही गाडीचा असो, की छातीत धडधड सुरू होई, तळहातांना घाम फुटे, डोळ्यांपुढं अंधारी येई. आपण आता मरणार असं तिला खरोखर वाटे. गावात अशा दुखण्याला नाव नव्हतं, पण उपाय मात्र शंभर होते. कुणी अंगारा दिला, कुणी लिंबू उतरवलं, कुणी म्हणालं वाऱ्यात बसवू नका. तिला एवढंच कळत होतं, की घराबाहेर पडलं की घुंगरं आहेत. ती रानात जायची बंद झाली. मग पाण्याला जायची बंद झाली.

स्वयंपाक ती करी, पण लक्ष नसे. बेसनात मीठ राहून जाई. शांतम्मा ते मुकाट खाई. पोरगं मातीआड गेलेलं, आता सुनेला काय बोलायचं, असं म्हातारीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. दोघी समोरासमोर बसून अळणी जेवत आणि ताटं उचलत. मला विचाराल तर त्या घरात रडण्यापेक्षा हे जेवण जास्त वाईट होतं.

मल्लिकार्जुनची शेती वेगळी होती, तरी त्यानं भावाच्या रानात गहू पेरून दिला. माणूस चांगला. फक्त सगळ्यांच्या वतीनं आपणच ठरवायचं, ही त्याला खोड. गव्हाला पाणी द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं ठरवलं, की भावाची समाधी शेजारी आहे, तेव्हा या धावेवर वेडंवाकडं बोलणं चालायचं नाही. शिवाचंच नाव निघालं पाहिजे. त्यासाठी त्यानं बब्रुवानला आणलं. बब्रुवानचा गळा अख्ख्या तालुक्याला ठाऊक होता, आणि सगळ्यांत जास्त बब्रुवानला ठाऊक होता.

बब्रुवाननं डोळे मिटून शिवनाम सुरू केलं. बैल धावेवरून खाली गेले, मोट भरून आली, पाणी पडलं. आणि बैल थांबले ते थांबलेच. बब्रुवाननं दुसरी चाल लावली. बैलांनी कान उभे केले, पण पाऊल मागं घेतलं नाही. वेसण धरून रेटलं तर हौशा आडवा झाला. एकदा जबरदस्तीनं मागं आणले, तर काठाशी कवड्याचा मागचा पाय घसरला आणि गुडघा सोलून निघाला. तेव्हापासून तो मागं सरेनासाच झाला. धन्याला घेऊन गेलेला बैल आहे, त्यानं धास्ती घेतली, असं लोक म्हणू लागले. दृष्ट काढली, शिंगांना काळा दोरा बांधला, मोटेला नारळ फोडला. गहू पोटरीत आला होता. दुपारी पानांच्या सुरळ्या होऊ लागल्या, सरीत भेगा पडल्या.

एका सकाळी मल्लिकार्जुन येऊन ओसरीवर बसला. भावजयीशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून तो आईशी बोलला, पण आत चुलीपाशी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"अव्वा, जोडी बाजारात न्हेतो. ह्या बैलावर मोट व्हायची न्हाय. रान म्या माझ्याकडं घेतो, कोरडवाहू करतो. बेंबळीला सांगावा धाडलाय. अवसंनंतर इरम्माचा भाऊ येतूय. तिनं माहेरी ऱ्हावं. तिच्या बी जिवाला आराम पडंल. तू माझ्याकडं ये."

यात त्याचा काही डाव नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. डाव असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

इरम्मा आत विस्तवाकडं बघत बसली. बेंबळीला भाऊ चांगला होता, वहिनीही वाईट नव्हती. तिला एक कोपरा मिळाला असता आणि दोन वेळची भाकरी. पण शिवलिंग कसा बोलायचा हे बेंबळीत कुणाला माहीत होतं? ती विहीर, ती बाभूळ, ती दोन जनावरं, एवढ्यातच तो उरला होता. हे सुटलं की नवरा दुसऱ्यांदा गेला. 'म्या जाणार न्हाय,' हे तीन शब्द तिच्या अगदी ओठाशी आले. थोरल्या दिरासमोर जीभ उचलली नाही.

अमावास्येला समाधीवर पाणी आणि बेल वाहायचा असतो. दर वेळी शांतम्मा जायची. या वेळी तिनं गुडघा धरला आणि तांब्या सुनेपुढं ठेवला.

"माझ्यानं चालवत न्हाय गं. आन आता तुला परत कवा जमंल? जाऊन ये."

पांदीच्या वळणावरच घुंगरं ऐकू आली. जोडी विकायच्या आधी एकदा शेवटचं बघू, म्हणून मल्लिकार्जुननं बब्रुवानला पुन्हा बोलावलं होतं. इरम्माच्या छातीत धडधड सुरू झाली. ती बांधावर मटकन बसली, मुठीत गवत धरलं, डोळे मिटले. परत फिरावंसं वाटलं. पण हात इतका कापत होता की तांब्यातलं पाणी हिंदकळून सांडायला लागलं, आणि पाणी त्याच्यासाठी होतं. ती उठली. धीर आला म्हणून उठली असं समजू नका. पाणी सांडू नये म्हणून उठली.

समाधीवर पाणी घालून, बेल वाहून तिनं मान वर केली. मोट वर आलेली, बैल धावेच्या टोकाशी उभे, बब्रुवान डोळे मिटून आळवतोय, मल्लिकार्जुन कपाळाला हात लावून बसलेला. आणि कवड्या कान टवकारून, मान किंचित वळवून उभा होता. ती बघतच राहिली. हे उभं राहणं तिच्या ओळखीचं होतं. बाभळीमागं ती स्वतः अशीच उभी राहायची, आज काय म्हणतात ते ऐकायला.

हे बैल भ्यालेले नव्हते. ते वाट बघत होते.

तिनं पदर पुढं ओढला. दिराशी बोलता येत नव्हतं, म्हणून ती बब्रुवानला म्हणाली, "दादा, गाऊ नका. त्येंला गाऱ्हाणं सांगा."

बब्रुवाननं गाणं थांबवलं. त्याला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा राग आला. "बाई, म्या गाणारा मानूस. गाऱ्हाणी सांगायला माझं घर काय कमी हाय?"

"समाधीपाशी गाऱ्हाणी?" मल्लिकार्जुन कुणाकडंच न बघता म्हणाला. "भलतंच कायतरी."

पण बाकी सगळे उपाय करून झाले होते. बब्रुवाननं नाखुशीनं बैलांकडं तोंड केलं आणि पाऊस नाही, कडबा महाग झाला, असं काहीतरी गुळमुळीत बोलला. कवड्यानं शेपटीनं माशी हाकलली. बब्रुवानचा एवढा अपमान कुठल्याही भजनात झाला नसेल. त्यानं कासरा खाली टाकला. "घ्या. बैल तुमचं हायती, तुमीच सांगा."

कासरा धावेवर पडून राहिला. मल्लिकार्जुननं तो उचलला नाही. इरम्मानं उचलला.

घुंगरं आता हातभर अंतरावर होती. तिच्या तळहातांना घाम सुटला आणि गाडीत झालं होतं अगदी तसंच झालं. तोंड उघडेना. कवड्या तिच्याकडं बघत होता.

"कवड्या," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. तिनं पुन्हा म्हटलं. "कवड्या, आज बेसनात मीठ न्हवतं."

कवड्याचा कान तिच्याकडं वळला.

"काल बी न्हवतं. परवा बी न्हवतं. अव्वांनी मुकाट खाल्लं. कुनी काय म्हणलं न्हाय. मीठ न्हाय म्हणायला घरात मानूसच ऱ्हायलं न्हाय, कवड्या."

कवड्यानं सोललेला पाय उचलला आणि एक पाऊल मागं ठेवला. त्याच्याबरोबर हौशानंही.

"चल मागं, चल. ह्येंनी घोंगडं घेतलं न्हाय. म्या दारात घिऊन उबी व्हते. पाऊस थांबतूय म्हणले. थांबला का? चल मागं. कुनाचं ऐकायचं न्हाय, सगळं आपल्याच मनानं. जायचं बी आपल्याच मनानं." आता तिला थांबता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पदर डोक्यावरून कधी खाली आला ते तिला कळलं नाही. "आन गाडीत मला म्हणले, बोल. आठ वर्सात कवा म्हणले न्हाईत, आन तवा म्हणले. तुमी दोगं व्हता गाडीला. तुमी ऐकलंय. म्या बोलले न्हाय. माझ्या तोंडातनं शबुद निघाला न्हाय. मला भ्या वाटलं. आता बोलाया लागले तर त्ये मातीत बसल्याती. कुनाला सांगू? तुमालाच सांगते. चल मागं, हौशा, तू बी चल."

बैल एक-एक पाऊल मागं सरत काठाशी आले. मोट खाली गेली आणि पाण्यात बुडाल्याचा आवाज आला.

मल्लिकार्जुन उभा राहिला होता. त्या दिवशी गाडी त्यानंच हाकली होती, तेव्हा ते 'बोल की' त्यानंही ऐकलं होतं, आणि आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. मग बब्रुवानला काही न सांगता खोरं उचललं आणि गव्हात दारं धरायला गेला. पाणी आलं होतं, त्याला वाट करून द्यायला कुणीतरी हवंच होतं.

सूर्य डोक्यावर येईपर्यंत इरम्मानं मोट हाकली. तिच्या हातांना फोड आले. बाईमाणूस मोटेवर उभं राहिलं याची चर्चा संध्याकाळपर्यंत लोहाऱ्यापर्यंत पोचली असेल. चर्चेनं गहू सुकत नाही.

धडधड त्या दिवशी गेली असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घुंगरं वाजली आणि छाती पुन्हा तशीच उडायला लागली. इरम्मा धडधडीसकट रानात गेली. तिसऱ्या दिवशीही तशीच गेली. बैल बाजारात न्यायचं मल्लिकार्जुननं पुन्हा काढलं नाही. समाधीपाशी काय बोलायचं नि काय नाही, हेही काढलं नाही.

बेंबळीचा भाऊ ठरल्याप्रमाणं आला. गाडीत त्यानं जाड गादी घालून आणली होती. बहिणीचं दुखणं ऐकून आला होता बिचारा. रात्री मुक्काम, सकाळी निघायचं, असा त्याचा बेत. संध्याकाळी तो जेवायला बसला, शेजारी शांतम्मा बसली. इरम्मानं दोघांना भाकरी-बेसन वाढलं. शांतम्मानं पहिला घास घेतला आणि ती चावायची थांबली. म्हातारीनं सुनेकडं बघितलं, तिच्या हातांच्या फोडांकडं बघितलं, आणि मग चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"इरम्मा, बेसनात मीठ न्हाय."

भावाचा घास हातातच राहिला. पाहुण्यासमोर सुनेला असं बोलणं त्याला लागलं असावं. किती महिन्यांनी त्या घरात कुणी असं बोललं होतं. इरम्मा चुलीपासून उठली, मिठाचं मडकं आणलं आणि सासूच्या ताटात चिमूटभर मीठ ठेवलं.

"उद्या कवड्याला सांगते तुमचं," ती म्हणाली.

"सांग की," शांतम्मा म्हणाली. "माझ्या गुडघ्याचं बी सांग."

आणि दोघी हसल्या. हसता हसता शांतम्मा रडली, आणि रडता रडता जेवली. भावाला काही उमगलं नाही, पण एवढं कळलं की उद्या गाडीत कुणी बसणार नाही.

सकाळी मल्लिकार्जुनला भेटून तो एकटाच निघाला. वाट विहिरीवरून जात होती. बहीण धावेवर उभी होती, पदर कमरेला खोचलेला, आणि त्याच्याकडं पाठ होती. त्यानं गाडी उभी केली.

"बघ कवड्या," ती बैलाला सांगत होती, "माझा भाऊ आला, आन गादी घालून गाडी घिऊन आला. म्या काय आजारी हाय व्हय? आन जाताना म्या दिलेली आंब्याच्या लोणच्याची बरणी घरीच इसरून गेला. चल मागं, चल."

त्यानं वळून गाडीत पाहिलं. बरणी खरंच घरी राहिली होती. पण तो काही परत फिरला नाही, थोडा वेळ तिथंच थांबून ऐकत राहिला.